दाराआडचा तो तास त्यांचाच राहू द्या

आदरणीय मॅडम,

माझे मिस्टर सहकारी साखर कारखान्यात फिटर आहेत. लग्नाला १७ वर्षं झाली, त्यातली बारा-तेरा दारूतच गेली. मागच्या गणपतीनंतर ते व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस राहून आले. तेव्हापासून दर गुरुवारी तालुक्याच्या गावी एका समुपदेशक बाईंकडे जातात. तास-पाऊण तास ते आत, मी बाहेर बाकावर. एका वेळचे ७०० रुपये. काय बोलणं झालं विचारलं, तर "काही नाही, असंच" म्हणतात. एकदा बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. १७ वर्षांत माझ्यासमोर कधी रडले नाहीत. सासूबाई म्हणतात, परक्या बाईजवळ घरातलं काय काय सांगतो कुणास ठाऊक, त्यापेक्षा मंगळवारची ए.ए.ची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपापसांतला गट) मीटिंग फुकट असते, तिथं जाऊ दे. मध्यंतरी चुलत पुतण्याच्या हळदीत प्यायले, दोन दिवस चाललं. स्वतःच येऊन सांगितलं, पण माझ्या मनात आलं, मग एवढ्या पैशांचा उपयोग काय? मी आत बसायचा आग्रह धरू का? की हे बंद करून नुसती मीटिंग ठेवू? जावेनं एक पावडर आणून दिलीय. चहात टाकली की दारूची शिसारी येते म्हणे. ती अजून दिलेली नाही.

— एक वाचक, सातारा जिल्हा

ताई,

आधी त्या पावडरीचं. ती देऊ नका, आणि जावेला परतही करू नका, नाहीतर ती दुसऱ्या कुणाच्या चहात जाईल. फेकून द्या. "न सांगता दारू सोडवा" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये काय आहे याचा भरवसा नसतो. त्यात डायसल्फिराम असू शकतं. ते खरं औषध आहे, मानसोपचारतज्ज्ञ ते देतातही, पण तपासण्या करून आणि पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं. हे औषध पोटात असताना दारू गेली, की शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडतं आणि एक विषारी पदार्थ साठत जातो. चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. हृदयाचा किंवा लिव्हरचा त्रास असलेला माणूस यात दगावू शकतो. आणि काहीच झालं नाही असं धरलं, तरी ज्या दिवशी त्यांना कळेल की बायकोनं चहातून काहीतरी दिलं, त्या दिवसापासून ते तुमच्या हातचं पाणी पितानाही विचार करतील.

आता गुरुवारचं. पत्रात तुम्ही पैशांचा हिशेब मांडलाय, पण तुम्हाला लागलंय ते वेगळंच, असं मला वाटतं. रात्री-अपरात्री ओकाऱ्या तुम्ही काढल्या. पगाराच्या दिवशी गेटवर जाऊन उभं राहण्याची वेळ कितीतरी बायकांवर येते, तुमच्यावरही आली असेल. मुलांच्या शाळेत, माहेरी, शेजारी खोटं तुम्ही बोललात. आणि रडू आलं ते काही महिन्यांपूर्वी ओळखही नसलेल्या एका बाईसमोर. तुमच्या वाट्याला मात्र "काही नाही, असंच". याचा राग येणं अगदी रास्त आहे. तो राग सासूबाईंच्या तोंडून "परकी बाई" म्हणून बाहेर पडतोय एवढंच.

पण ते तुम्हाला सांगत नाहीत याचं कारण तुम्ही कमी पडलात हे नाही. तुम्ही त्यांच्या घरातल्या आहात, हेच कारण आहे. समजा ते म्हणाले, "आज पाळी सुटल्यावर देशीच्या दुकानासमोर दोन मिनिटं थांबलो होतो." तुम्हाला त्या रात्री झोप लागेल का? तुम्ही तोंडाचा वास घ्याल, खिसे बघाल, दिराला फोन कराल. इतकी वर्षं पोळल्यावर कुणीही तेच करेल. परिणाम एवढाच होतो, की पुढच्या वेळी ते थांबतील पण सांगणार नाहीत. तेच वाक्य समुपदेशकासमोर बोललं, की प्रश्न येतात: किती वाजले होते? त्या दिवशी कामावर काय झालं होतं? जेवला होतात का? आणि दोन मिनिटांनी पुढे निघालात ते कशामुळे? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण व्यसनी माणसाला "का थांबलास" असं विचारणारे पुष्कळ भेटतात, "कसा निघालास" असं विचारणारं कुणी भेटत नाही.

दारू सुटल्यावर माणसाच्या हातात जे उरतं, ते फार अवघड असतं. कुणाकुणाकडून घेतलेले आणि घरी न सांगितलेले पैसे. नशेत मुलांवर उचललेला हात. वर्षानुवर्षं पिण्यामुळे शरीरसंबंधांत आलेला कमीपणा आणि त्यातून बायकोवर घेतलेला संशय. हे दारूच्या पेशंटमध्ये खूप दिसतं आणि पुरुष त्याबद्दल कुठेही बोलत नाहीत. लहानपणी बापाला पिताना आणि आईला मार खाताना पाहिलेलं. कधीतरी मनात येऊन गेलेला जीव द्यायचा विचार. तुमचे मिस्टर यातलं काय बोलतात हे मला माहीत नाही, मी अंदाजही करणार नाही. पण यातली एखादी गोष्ट तालुक्याच्या गावातल्या मीटिंगमध्ये, दोन खुर्च्या सोडून आपल्याच कारखान्यातला माणूस बसलेला असताना, किती जण उघड करतील? ए.ए.मध्ये नावं आणि ऐकलेलं बाहेर न नेण्याचा संकेत कसोशीनं पाळतात, तरीही काही गोष्टींना चार कानांहून जास्त चालत नाहीत. त्या बोलल्या गेल्या नाहीत, तर आतल्या आत कुजतात. मग एखाद्या रात्री त्यांचा वास सहन होत नाही आणि पाय गुत्त्याकडे वळतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: आत बसायचा आग्रह धरू नका. तुम्ही आत असाल तर ते तुम्हाला ऐकवण्यासारखंच बोलतील.

आत काय चालतं याची थोडी कल्पना असली, तर बाहेर बसणं सोपं जाईल. पूर्वी अशी समजूत होती की दारुड्याला खडसावून, त्याचा खोटेपणा तोंडावर फेकूनच वठणीवर आणावं लागतं. १९८३ साली विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उलटी दिशा मांडली. माणसाला जितकं ढकलाल तितका तो स्वतःच्या पिण्याची बाजू घेतो. त्यापेक्षा त्याच्याच मनातली सोडायची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्या. आज जगभर व्यसनाच्या समुपदेशनात हे तंत्र वापरतात, आपल्याकडेही शिकवतात. त्यामुळे समुपदेशक कमी बोलते, उपदेश करत नाही, यावरून ती काही करतच नाही असं समजू नका.

त्याच्या पुढचं काम अगदी बारीकसारीक असतं. गळीत हंगामात रात्रपाळी सुटते, अंग आंबलेलं असतं, पोट रिकामं असतं, दोघंतिघं मित्र धाब्याकडे गाडी वळवतात. तिथं तलफ येणारच. मग ठरवायचं, की त्या आठवड्यात डबा न्यायचा, पाळी सुटायच्या आधी खाऊन घ्यायचं, गाडीवर मागे कुणाला घ्यायचं नाही. हळदीला जायचं झालं, तर कुठे बसायचं, किती वाजता निघायचं, आणि "एवढ्या दिवसांनी भेटलास, आज तरी घे" म्हणणाऱ्या चुलतभावाला नेमकं कोणत्या शब्दांत उत्तर द्यायचं, हे खरोखर मोठ्यानं बोलून घेतात. समुपदेशक चुलतभाऊ होते, पेशंट नकार देतो. पहिल्यांदा आवाज फुटत नाही. तलफ कायमची टिकत नाही, चढते तशी काही वेळानं उतरते, तेवढा वेळ काय करायचं, कुणाला फोन करायचा, हेही ठरतं. हे सगळं त्या एका माणसाच्या दिनक्रमावर बेतलेलं असतं. वीस जणांच्या गटात प्रत्येकाच्या पाळीचं आणि प्रत्येकाच्या चुलतभावाचं असं करता येत नाही.

याचा अर्थ मीटिंग सोडावी असा मुळीच नाही. सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. मंगळवारची मीटिंग चालू ठेवाच. जे स्वतः त्यातून गेलेत, अशा माणसांकडून मिळणारा धीर कुठलाही पदवीधर देऊ शकत नाही. स्पॉन्सर, म्हणजे ए.ए.मधला आधी दारू सोडलेला सोबती, रात्री अकरा वाजता फोन उचलतो, समुपदेशक तेव्हा दवाखान्यात नसते. मीटिंगला फी नसते आणि ती आयुष्यभर चालू ठेवता येते. मी इथं हेही सांगायला हवं, की एकट्यानं घेतलेलं समुपदेशन गटापेक्षा सरस ठरतं असं संशोधनातून सिद्ध झालेलं नाही. माणसागणिक गरज वेगळी असते. ज्याला सोबत नैराश्य आहे, ज्याच्या मनावर जुना आघात आहे, जो गटात तोंडच उघडत नाही, त्याला बंद दाराआडची बैठक जास्त लागते.

पण "हे की ते" हा प्रश्नच मला पटत नाही. अमेरिकेत १,७२६ दारूच्या पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, प्रोजेक्ट मॅच नावाचा. त्याचे निष्कर्ष १९९७ साली आले. त्यात तीन प्रकारची समुपदेशनं तुलनेला घेतली होती, तिन्ही एकट्या पेशंटबरोबर समोरासमोर बसून केलेली. एकात तलफेला तोंड देण्याची कौशल्यं होती, दुसऱ्यात मघाशी सांगितलेली मिलरची पद्धत, आणि तिसऱ्यात समुपदेशकाचं मुख्य काम होतं पेशंटला ए.ए.च्या बारा पायऱ्यांची ओळख करून देऊन मीटिंगपर्यंत पोचवणं. तिन्हींमध्ये पिणं पुष्कळ कमी झालं आणि तिन्हींत फरक थोडाच निघाला. म्हणजे गुरुवारची खोली मंगळवारच्या मीटिंगला पाठबळ देऊ शकते. आपल्याकडे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ साली सुरू केलं, तिथंही गटातलं काम आणि एकेकट्याशी बोलणं अशा दोन्ही गोष्टी चालतात. तुमच्या समुपदेशक बाईंना विचारा, मीटिंगबद्दल त्यांचं काय मत आहे. चांगली समुपदेशक म्हणेल, जरूर जा.

"किती दिवस चालायचं हे?" असाही प्रश्न तुमच्या मनात असणार. गोव्यात संगथ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक प्रयोग केला, तो २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. एकेकट्याशी जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा, बैठका झालेल्यांपैकी ४२ टक्के लोक मागच्या १४ दिवसांत अजिबात प्यायलेले नव्हते; नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. मला हा प्रयोग फार आश्वासक वाटतो, कारण तो आपल्या शेजारचा आहे आणि त्याला मोठं हॉस्पिटल लागलं नाही. मात्र ते लोक जास्त पिणारे होते, पुरते दारूच्या आहारी गेलेले नव्हते. बारा-तेरा वर्षं प्यायलेल्या आणि केंद्रात राहावं लागलेल्या माणसाला चार बैठका पुरणार नाहीत. पहिलं वर्षभर तरी धरून चला. हळूहळू आठवड्याचे पंधरा दिवस होतील, मग महिना. कधी कमी करायचं हे तिघांनी मिळून ठरवा, पैशांच्या रागात एकदम बंद करू नका. परवडतच नसेल तर तसं बाईंना मोकळेपणानं सांगा. बरेच जण फी कमी करतात. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातही ही सोय नाममात्र खर्चात होते.

आता हळदीबद्दल. सिएटलच्या ॲलन मार्लाट यांनी १९८५ साली व्यसनाकडे पुन्हा वळण्यावर एक सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यांचं एक निरीक्षण रोजच्या अनुभवाशी अगदी जुळतं: पहिल्या घोटापेक्षा त्यानंतरचा विचार जास्त घातक असतो. "गेलंच सगळं, आता लपवून काय उपयोग, पिऊनच टाकू." इथून माणूस पुन्हा महिनोन्‌महिने वाहत जातो. तुमचे मिस्टर दोन दिवसांनी थांबले आणि स्वतः येऊन बोलले. पूर्वी कधी असं झालं होतं का, तुम्हीच आठवून बघा. झालं ते चांगलं झालं असं मी म्हणणार नाही, दोन दिवसांतही अपघात होतो, नोकरी जाते. पण गुरुवारच्या पैशांचा उपयोग कुठे झाला असं विचाराल, तर मी त्या कबुलीकडे बोट दाखवीन. त्यांना परत त्याच खोलीत त्या दोन दिवसांबद्दल बोलू द्या. पुढच्या लग्नाची तयारी तिथंच होणार आहे.

एक गोष्ट मात्र समुपदेशनाच्या आवाक्यातली नाही. पुन्हा रोजचं जोरदार पिणं सुरू झालं आणि मग दारू एकदम बंद केली, तर हात थरथरणं, दरदरून घाम, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, असंबद्ध बडबड सुरू होते. तेव्हा गुरुवारची वाट बघायची नाही, देवऋषाकडेही न्यायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आणि तलफ कमी करणारी औषधं आता मिळतात. बाईंनी अजून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं नसेल, तर ते का नाही हे विचारायला हरकत नाही.

विचारण्याचा तुमचा हक्क मी काढून घेत नाहीये. समुपदेशक बाईंचं शिक्षण काय, नोंदणी कुठली, व्यसनाच्या पेशंटबरोबर काम करण्याचा अनुभव किती, हे जरूर विचारा. सोडवण्याची गॅरंटी देणारी, औषधं बंद करायला सांगणारी, महिनोन्‌महिने पिण्याचा विषयच न काढणारी किंवा वर्षाचे पैसे एकरकमी मागणारी व्यक्ती असेल, तर बदला. पण ती बाई आहे म्हणून बदलू नका. सासूबाईंना सांगा, दवाखान्यात नर्स असते तसंच हे काम आहे. माझ्या पाहण्यात कितीतरी पुरुष दुसऱ्या पुरुषासमोर मान वर करून बोलत नाहीत, बाईसमोर बोलतात.

आत बोललेलं गुप्त ठेवण्याचा हक्क पेशंटला २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानंही दिलाय, आणि व्यसनाशी निगडित आजार त्या कायद्यात येतात. त्यांच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका दिसला, तर मात्र समुपदेशक गप्प बसत नाही. मिस्टरांची तयारी असेल, तर महिन्यातून एकदा दोघांची मिळून बैठक मागून घ्या. तिथं तुमच्या आयुष्याशी थेट संबंध असलेल्या गोष्टी ठरवता येतील. पगार कुणाच्या हातात राहणार? देणं एकूण किती आहे? पुन्हा घसरण झाली, तर ते तुम्हाला कधी सांगणार आणि तुम्ही काय करणार? हे कळणं तुमचं हक्काचं आहे, आणि "काही नाही, असंच" हे त्याला उत्तर होऊ शकत नाही. शिवाय त्या बैठकीत तुम्हाला बोलता येईल. १७ वर्षांचं बोला.

तेवढ्यानं तुमचं भागणार नाही. तुम्हालाही तुमची अशी जागा हवी, जिथं "मला याचा वीट आलाय" असं म्हटलं तर ते त्यांच्या कानावर जाणार नाही आणि सासूबाईंच्याही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा असतात, ए.ए.वाल्यांना विचारलंत तर जवळची कुठे ते सांगतील. मुक्तांगणचा बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे. एवढं लांब जाणं जमत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, आणि मराठीत बोलता येतं. व्यसनाविषयी माहितीसाठी १४४४६. मिस्टर आत असतात तो पाऊण तास तुम्ही याही कामाला लावू शकता.

मारहाणीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. नसेल तर चांगलंच. पण असेल, किंवा हळदीनंतरच्या त्या दोन दिवसांत झाली असेल, तर एकत्र बैठकीचं मी वर लिहिलंय ते तूर्त बाजूला ठेवा. आत खरं बोललेल्याची शिक्षा घरी गेल्यावर तुम्हालाच मिळायची भीती असते. अशा वेळी आधी तुमची आणि मुलांची सोय, मग त्यांचं समुपदेशन. महिलांसाठी १८१, आणि त्याच क्षणी मदत हवी असेल तर ११२. हे दोन नंबर दुसऱ्या कुठल्यातरी नावानं आजच मोबाईलमध्ये ठेवा, आणि रात्री-बेरात्री जाता येईल असं एक शेजारचं घर आधीच सांगून ठेवा.